भंडारदऱ्याच्या तळ्याला सायकलवरून प्रदक्षिणा कशी घालावी

देवळात शिरलं की पाय आपोआप डावीकडे वळतात आणि देव उजव्या हाताला राहतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाला फेरी मारताना हाच नियम पाळा. जलाशयाच्या पूर्वेकडच्या शेंडी गावातून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी गाठायची, तिथून साम्रद, घाटघर, मग उडदावणे, पांजरे, मुरशेत या बाजूने परत शेंडी. पाणी सतत उजवीकडे. झाडीमुळे ते बराच वेळ दिसत नाही, पण असतं तिथेच.

यात भक्तीपेक्षा हिशेब जास्त आहे. सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर असतं आणि दुपारी पूर्वेला परततानाही पाठीवरच. उलटे फिरलात तरी उन्हाचं हेच. पण रतनवाडी ते साम्रद हा सगळ्यांत दमवणारा टप्पा उलट फेरीत दुपारी समोर येतो, तेव्हा मांड्या आधीच बोलायला लागलेल्या असतात. मी पहिल्यांदा उलटाच गेलो होतो. घाटघरला फोटो काढण्यात सकाळ घालवली आणि साम्रदच्या पुढे भर दोन वाजता सायकल हाताने ढकलत होतो.

फेरी 45 ते 50 किलोमीटरची भरते. आकडा ऐकून रोज पुण्यात किंवा नाशकात तीसेक किलोमीटर मारणारे हसतात. पण हा रस्ता सरळ नाही: कुठे डांबर, कुठे उखडलेली खडी, कुठे नुसती माती, आणि दर पावसाळ्यानंतर त्याची तऱ्हा बदललेली. सायकलवर सहा ते सात तास धरा, थांबे वेगळे. चालत करणार असाल तर दोन दिवस आणि रतनवाडीला मुक्काम.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये हा भाग फार देखणा असतो हे खरं, पण घाटघरच्या पावसाला उगाच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणत नाहीत. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या येत असतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा मोसम. त्या दिवसांत रात्री सायकलचा दिवा घेऊन जंगलात फिरू नका. काजवे एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात, आपल्या दिव्याने त्यात विघ्न येतं.

आदल्या दिवशी

मुंबई-नाशिककडून घोटीमार्गे, पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असं यायचं. संध्याकाळपर्यंत शेंडीत पोचा. अंधारात पोचलं की सकाळची निघायची वेळ हमखास चुकते.

रतनवाडीत किंवा साम्रदला जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा. तिथे हॉटेल म्हणजे कुणाचं तरी घर. तुम्ही दारात उभे राहिल्यावर चूल पेटणार, मग भाकरी. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. पोट भरून खा, पण साम्रदचा चढ संपल्यावर. चढाच्या आधी केळी आणि गूळ-शेंगदाणे पुरतात.

सायकल गिअरची हवी आणि टायर जाड, किमान दोन इंच रुंदीचे. हवा शहरात भरता तेवढी भरू नका. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाला 30 ते 35 पीएसआय पुरे; जास्त भरली की खडीवर सायकल उड्या मारते आणि मनगटं कामातून जातात. फार कमी केली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, चेनची एक जादा लिंक बरोबर हवीच, कारण वाटेत सायकलचं दुकान नाही. भाड्याची सायकल असेल तर पुढच्या ब्रेकचं लिव्हर उजवीकडे आहे की डावीकडे हे निघायच्या आधी बघा. उतारावर ते शोधत बसायला वेळ नसतो.

पाणी तीन लिटर. रोख पैसे, कारण हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे (1986 पासून) आणि नाक्यावर प्रवेश शुल्क द्यावं लागतं. मोबाइलला रेंज येईल असं गृहीत धरू नका; घरी परतीची वेळ सांगून ठेवा.

निघाल्यावर

उजाडताच निघा, उजाडण्याआधी नाही. इथे बिबट्या आहे. तो तुमच्या मागे लागणार नाही, पण अंधारात आवाज न करता येणाऱ्या सायकलने त्याला दचकवू नये. शेंडीतून निघताना विल्सन धरण दिसेल, 1926 मध्ये पूर्ण झालेलं. तिथे थांबू नका, संध्याकाळी सवड मिळेल.

रतनवाडीपर्यंतचे 18-20 किलोमीटर चढउतारांचे, पण सोसवणारे. इथे घाई केलीत तर पुढे फेडावं लागतं. रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं मानलं जातं. बूट काढून आत जा, पुष्करणी बघा, बाटल्या भरून घ्या. प्रवरा नदी इथल्याच रतनगड किल्ल्याच्या अंगावर उगम पावते.

आता चढ. गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. अर्ध्यात जोर लावून बदलायला गेलात की चेन कुरकुरते, कधी तुटते. बसून चढा. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक सुट्या खडीवर घसरतं. दम लागला तर खुशाल उतरून चाला, लाज कसली. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर नाही. पार्श्वभाग सीटच्या मागे न्या, नजर चाकावर नको, पंधरा फूट पुढे ठेवा.

समोरून गुरं आली तर थांबा आणि डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. बिचकलेली म्हैस कुठे सरकेल सांगता येत नाही. घंटी वाजवू नका. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया समोर आल्या तर तुम्हीच सायकल बाजूला घ्या. त्यांच्या मानेवर ओझं आहे, तुमच्या नाही. कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. सेंट-अत्तर लावून येऊ नका, सिगारेट तर नकोच.

पायी कुठे जायचं

साम्रदला सायकल कुणाच्या तरी अंगणात लावा, विचारून. तिथून चालत गेलं की सांदण दरीचं तोंड लागतं. दोनशे फुटांहून खोल, अरुंद भेग. पाण्याच्या पहिल्या डोहापर्यंत जाऊन परत फिरा. पुढे उतरायला दोर आणि जाणती माणसं लागतात. आभाळ भरलं असेल तर तेवढंही नको, वरचं पाणी याच भेगेत लोटतं.

रतनगड मात्र या फेरीत बसवू नका. उंची 1297 मीटर, वाटेत शिड्या, वर नेढं म्हणजे कातळातलं आरपार भोक. रतनवाडीतून चढायला तीन तास. त्यासाठी दुसरा दिवस ठेवा. सकाळी सायकल, दुपारी गड असं केलेला एक मित्र शिडीवर पायाला गोळा येऊन लटकला होता, आणि आम्ही खालून त्याला धीर देण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

घाटघरला कोकणकडा आहे. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि पायाखाली कोकण. इथल्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून 250 मेगावॉट वीज काढतात. तुम्ही साम्रदच्या चढावर आत्ताच जे केलंत, तेच. कड्याच्या टोकावर जाऊ नका, वारा फसवा असतो. माकडांपासून डबा सांभाळा.

घाटघरहून शेंडीकडे परतताना वेग आपोआप वाढतो. गावांमधून मात्र हळू. दुपारी शाळा सुटलेली असते आणि पोरं सायकलमागे धावतात. शेंडीत पोचलात की चेनवरची लाल माती ओली असतानाच फडक्याने पुसा. वाळली की ती सिमेंटसारखी बसते आणि घरी गेल्यावर जुन्या टूथब्रशने तास मोडतो.