वेताळ टेकडीवरचा फॉक्स हंट: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

आम्ही पुण्यातले हॅम, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे लोक. रोज सकाळी साडेसातला टू मीटर या रेडिओ बँडवर आमचा नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, भरतो. मी कोथरूडहून चेक-इन करते, कुणी धायरीहून, कुणी भोसरीहून. सगळ्यांचे आवाज पाठ झालेत. एका ओएमच्या (‘ओल्ड मॅन’, हॅम सोबत्याला आम्ही असं म्हणतो) स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीसुद्धा मी ओळखते, कारण ती नेमकी त्यांच्या पाळीला होते. पण त्यांचा चेहरा मी पाहिला तो लायसन्स मिळाल्यावर दोन वर्षांनी, वेताळ टेकडीवर, गिरिपुष्पाच्या झाडीमागे. हातात हँडी, म्हणजे छोटा हातातला रेडिओ, शेजारी पाण्याची बाटली आणि ओठांवर बोट. त्या दिवशी ते ‘फॉक्स’ होते आणि मी त्यांना शोधून काढलं होतं.

हॅम लोक प्रत्यक्ष भेटीला ‘आयबॉल’ म्हणतात. आयबॉल घडवायला व्याख्यान ठेवता येतं, जुन्या सामानाची विक्री ठेवता येते, सहकुटुंब जेवणही ठेवता येतं. माझ्या मते फॉक्स हंटची सर त्यातल्या कशालाच नाही. व्याख्यानात नवी मंडळी मागच्या रांगेत गप्प बसतात आणि जुनी मंडळी पुढच्या रांगेत आपापसांत बोलतात. टेकडीवर तसं होत नाही. चाळीस वर्षं मोर्सची की, म्हणजे टिंब-रेघांचे संदेश पाठवायचं बटण, चालवणाऱ्याला जेवढं ऐकू येतं, तेवढंच बारा वर्षांच्या मुलीलाही येतं. गेली सहा वर्षं आमच्या गटाचे हंट ठरवायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांना आपल्या गावात पहिला हंट घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

खेळ असा: एक जण ट्रान्समीटर घेऊन लपतो आणि ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर थोड्या थोड्या वेळानं सिग्नल सोडतो. बाकीचे दिशा दाखवणारा अँटेना घेऊन त्याला चालत शोधतात. याच्या जागतिक स्पर्धा होतात, तिथे पाच ट्रान्समीटर आळीपाळीनं एकेक मिनिट वाजतात आणि स्पर्धक नकाशा घेऊन जंगलातून पळतात. आपल्याला पहिल्या वेळी एक फॉक्स, एक टेकडी आणि दोन तास पुरे.

सुरुवात टेकडीवर करू नका, आदल्या शनिवारी कुणाच्या तरी घरी करा. सगळ्यांना बोलवा आणि अँटेना तिथेच बनवा. ‘घरून करून आणा’ असं सांगितलंत तर ज्यांना सोल्डरिंग येतं तेच येतील. अँटेना म्हणजे मेजरिंग टेपच्या पट्ट्यांचा तीन एलिमेंटचा यागी (एका दिशेनं जास्त ऐकणारा अँटेना), अर्धा इंची पीव्हीसी पाइपवर बसवलेला. मूळ आराखडा एका अमेरिकन हॅमचा, १४६.५६५ मेगाहर्ट्झसाठी, इंचांमध्ये. आपल्याकडे टू मीटर १४४ ते १४६ आहे, म्हणून मी मापं साधारण एक टक्क्यानं वाढवून सेंटिमीटरमध्ये करून घेतली आहेत. मागचा रिफ्लेक्टर १०६. मधला ड्रिव्हन एलिमेंट दोन तुकड्यांत, प्रत्येकी ४५.५. पुढचा डायरेक्टर ९०. रिफ्लेक्टरपासून ड्रिव्हन २०.५ वर, तिथून डायरेक्टर ३२ वर. पट्ट्यांची बेरीज होते २८७, म्हणजे ३ मीटरच्या एका टेपमध्ये एक अँटेना बसतो आणि उरलेला तुकडा सोल्डरिंगचा हात बसवायला मिळतो.

ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांमध्ये अडीच सेंटिमीटरची फट ठेवा. एका तुकड्याला रेडिओकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलची मधली तार, दुसऱ्याला जाळी. त्याच दोन ठिकाणांना जोडणारी १३ सेंटिमीटरची तार इंग्रजी यू आकारात वाकवून लावायची, तिला हेअरपिन म्हणतात. ती विसरलात तर अँटेना आणि ५० ओमची केबल यांचं जमत नाही. टेपवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून पोलाद उघडं करा आणि आधी पट्टीवर सोल्डरचा पातळ थर चढवून घ्या. २५ वॉटच्या सोल्डरिंग गननं हे होत नाही, पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते. ६० वॉटची घ्या. पट्ट्या पाइपच्या जोडांवर पाण्याच्या नळीला लावतात त्या स्टीलच्या क्लिपांनी आवळायच्या. शेवटी प्रत्येक पट्टीची टोकं कात्रीनं गोल करून त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. हे मी स्वतः प्रत्येक अँटेना हातात घेऊन तपासते. झाडीत माणसं एकमेकांच्या मागून चालतात आणि पट्टीची धार नेमकी डोळ्यांच्या उंचीला येते.

अँटेना मेजरिंग टेपचा का, तर पट्टी झाडीत अडकली की वाकते आणि सुटली की पुन्हा सरळ होते. ॲल्युमिनिअमची नळी एकदा वाकली की कायमची वाकली.

फॉक्स डब्यात ठेवायचा की माणूस बसवायचा, यावर दरवेळी चर्चा होते. छोट्या सर्किटनं कॉलसाइन, म्हणजे हॅमचं रेडिओवरचं ओळखचिन्ह, मोर्समध्ये वाजवणारा डबा करणं हौशी लोकांना आवडतं. पहिल्या हंटला तरी माणूसच बसवा. ट्रान्समिशन लायसन्सधारकाच्या ताब्यात राहतं, गरज पडली तर तो मध्येच बंद करू शकतो, आणि शेवटी कुणीतरी सापडतं, नुसती वस्तू नाही. आमच्या तिसऱ्या हंटला आम्ही जेवणाच्या डब्यात ट्रान्समीटर आणि बॅटरी घातली, तार बाहेर काढली आणि डबा झाडाच्या बेचक्यात ठेवला. फिरायला आलेल्या एका आजींनी तो पाहिला आणि त्या फार घाबरल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तारा बाहेर आलेला बेवारस डबा पाहून शहाण्या माणसाला जे वाटायला हवं तेच त्यांना वाटलं. चूक माझी होती. डबा ठेवायचाच असेल तर त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत काय आहे ते, कॉलसाइन आणि फोन नंबर लिहा, आणि एका माणसाला दहा पावलांवर बसवून ठेवा. जवळच्या पोलिस चौकीला आणि टेकडी वन खात्याची असेल तर त्यांच्या कार्यालयाला आधी पत्र द्या. तारीख, वेळ, किती माणसं, हातात काय असेल, सगळं लिहा. अँटेनाचा फोटो जोडलात तर फार सोपं जातं.

फ्रीक्वेन्सी निवडताना गावातला रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा दूरवर सोडणारं केंद्र) आणि रोजचा नेट यांपासून लांब राहा. १४५.८ ते १४६ मध्ये तर जाऊच नका, तो उपग्रहांचा भाग आहे, १४५.८ वर अंतराळ स्थानकाचा आवाज येतो. आम्ही १४५.२ घेतो. हे का, ते पुढे येईल. पॉवर हँडीवर असेल तेवढी कमी ठेवा. दर मिनिटाला वीस सेकंद सिग्नल, त्यात कॉलसाइन. फॉक्सचा अँटेना उभा असतो, म्हणून शोधणाऱ्यांनीही यागीच्या पट्ट्या उभ्याच धरायच्या. आडव्या धरल्या की सिग्नल पडतो आणि नवा माणूस अँटेनाला दोष देतो.

जोड्या तुम्ही लावा, लोकांवर सोडू नका. प्रत्येक जोडीत एक लायसन्सधारक हवाच, दुसरा नवा, शक्यतो वयानं फार वेगळा. अँटेना नव्याच्या हातात, नकाशा जुन्याच्या. नवरा-बायकोला एका जोडीत घालत नाही, दोघांनाही मोकळेपणानं शिकता येतं.

आता प्रत्यक्ष शोध. टेकडीवर चढल्यावर आधी उंच, मोकळी जागा गाठा. वेताळ देवळाजवळचा माथा चांगला आहे, खाणीच्या तळाशी सुरुवात करू नका. अँटेना हळूहळू पूर्ण फिरवा. यागीचा पुढचा झोत रुंद असतो, त्यामुळे ‘इथे सर्वात जोरात’ असा एक बिंदू सापडत नाही. म्हणून डावीकडे सिग्नल कुठे पडतो ते बघा, उजवीकडे कुठे पडतो ते बघा, आणि त्या दोन्हींच्या मधोमध दिशा धरा. होकायंत्रानं कोन मोजून नकाशावर रेघ मारा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, ते गणित सोडून द्या. मग किमान तीनचारशे पावलं बाजूला चालत जा, रेघेच्या दिशेनं नाही, रेघेला काटकोनात, आणि पुन्हा कोन घ्या. दोन रेघा छेदतात तिथे फॉक्स असायला हवा. दहा अंशांची चूक एक किलोमीटरवर पावणेदोनशे मीटरची होते, म्हणून तिसरी रेघ मारल्याशिवाय पळत सुटू नका. नवी मुलं पहिल्याच रेघेवर पळतात. पळू द्या, एकदाच पळतात.

खाणीचा कडा फसवतो. या फ्रीक्वेन्सीची तरंगलांबी दोन मीटरच्या आसपास आहे आणि उभ्या खडकावरून सिग्नल आरशासारखा परततो. एकदा आमच्या चार जोड्यांनी एकमतानं फॉक्स खाणीत आहे असं ठरवलं, आणि फॉक्स पाठीमागे पाषाणच्या उतारावर बसून मोर बघत होता. उपाय एकच, जागा बदलत राहा. खरी दिशा जागा बदलली तरी त्याच बिंदूकडे बोट दाखवते, परावर्तित दिशा भरकटते.

स्वस्त हँडीचा सिग्नल मीटर बहुतेक वेळा ‘काही नाही’ आणि ‘पूर्ण’ एवढंच दाखवतो. एफएममध्ये आवाजाचा मोठेपणाही सिग्नलच्या ताकदीनुसार बदलत नाही. म्हणून स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, शून्यावर ठेवा आणि आवाजामागची खरखर ऐका. खरखर जितकी कमी, तितकी दिशा बरोबर. याबाबतीत माझा कान मीटरपेक्षा नेहमीच भरवशाचा निघाला आहे.

फॉक्स दोनशे मीटरवर आला की खरी पंचाईत सुरू होते, कुठेही अँटेना फिरवा, सिग्नल पूर्णच. इथे बहुतेक जोड्या गोल गोल फिरतात. तीन युक्त्या सांगते. पहिली, हँडी ५ किंवा १० किलोहर्ट्झनं बाजूला लावा, सिग्नल अर्धवट ऐकू येतो आणि पुन्हा दिशा मिळते. दुसरी, यागी काढून टाका, हँडीचा मूळ रबरी अँटेना लावा, हँडी छातीशी घट्ट धरा आणि जागच्या जागी फिरा. सर्वात कमी ऐकू येईल तेव्हा फॉक्स तुमच्या पाठीमागे आहे, कारण मध्ये तुमचं शरीर आहे. तिसरी माझी सर्वात आवडती. फॉक्स १४५.२ वर असेल तर त्याची तिप्पट ४३५.६, तीही हॅमच्याच दुसऱ्या एका बँडमध्ये. साध्या हँडीतून ही तिप्पट फ्रीक्वेन्सी, म्हणजे तिसरी हार्मोनिक, अगदी क्षीण गळते. दुसऱ्या बँडवर ४३५.६ लावा, काहीच ऐकू येणार नाही, चालत राहा, आणि एका क्षणी ऐकू येईल. मग फॉक्स हाकेच्या अंतरावर असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

सापडल्यावर ओरडायचं नाही. गुपचूप जाऊन फॉक्सजवळ बसायचं, वेळ लिहून घ्यायची. दुसरी जोडी आली की तीही बसते. झाडीमागे हळूहळू दहा-बारा माणसं दबक्या आवाजात बोलत बसलेली असतात, आणि वर्षभर एकमेकांना फक्त कॉलसाइननं ओळखणारे तिथे एकमेकांची नावं, गावं, गुडघेदुखी विचारतात. शेवटच्या जोडीला वेळ लागला तरी कुणी उठत नाही, हा आमचा पक्का नियम आहे.

ज्यांना चढवत नाही त्यांना घरी राहू देऊ नका. नेट कंट्रोल, म्हणजे रेडिओवर सगळ्यांची हजेरी घ्यायचं काम, त्यांच्याकडे द्या. आमच्या गटातले सर्वात ज्येष्ठ काका पायथ्याशी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसतात आणि वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर दर पंधरा मिनिटांनी हजेरी घेतात. कोण कुठे आहे, पाणी आहे का, कुणी लंगडतंय का. ते नव्यांना एकच शिस्त लावतात: ज्याला बोलवायचं त्याचं कॉलसाइन आधी, आपलं नंतर, मग थोडक्यात निरोप, आणि समोरच्यानं तो परत म्हणून दाखवायचा. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हॅम भारती प्रसाद अंदमानात व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर जगभरच्या हौशी लोकांशी संपर्क करायला गेल्या होत्या, आणि त्याच रेडिओ संचावरून त्यांनी पोर्ट ब्लेअरहून माणसांच्या खुशालीचे निरोप पोचवले. काका ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतात आणि मग हजेरी जास्त नीट होते.

उतरल्यावर पौड रोडला मिसळ. पैसे सगळे वाटून देतात, फॉक्सचे सोडून. तिथेच जिंकलेल्या जोडीला पुढच्या हंटचा फॉक्स नेमायचं आणि तारीख ठरवायची, घरी गेल्यावर ठरत नाही. तारीख सकाळच्या नेटवर जोडीतल्या नव्यानंच जाहीर करायची. लायसन्स नसेल तर जोडीदाराच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्याकडून वदवून घ्यायची. अशा उभ्या राहिलेल्यांपैकी तिघांनी नंतर परीक्षा दिली आहे.

आणि मिसळीकडे वळण्याआधी पायथ्याशी शेवटची हजेरी. फॉक्ससकट प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय काका वही मिटत नाहीत, तुम्हीही मिटू नका.