मृगाआधी बंधाऱ्यावर एक फेरी: सांडवा, पाइप, भेगा आणि बिळे

मुंबईत मोसमी पाऊस 11 जूनच्या सुमारास पोहोचतो, मृग नक्षत्र त्याआधी तीन-चार दिवस लागते. आरेच्या पाड्यांतले भाजीवाले असोत, की मुंबईत राहून शनिवार-रविवारी कर्जत, मुरबाड, वाड्याच्या शेतावर जाणारे असोत, ज्यांच्या शिवारात मातीचा छोटा बंधारा आहे त्यांच्या हातात आता मोजकेच दिवस उरले आहेत. पाणी तळाला गेलेले असताना बांधाचे दोन्ही उतार उघडे दिसतात. ही संधी पुन्हा वर्षभर येत नाही.

मातीचा बांध नीट राखला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मुंबईचाच विहार तलाव 1860 पासून मातीच्या बांधांवर उभा आहे. पण माती एक गोष्ट अजिबात सहन करत नाही, ती म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. त्यामुळे वेळ आणि पैसा एकाच कामापुरता असेल तर तो सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेवर, खर्च करा.

सांडवा किती रुंद हवा, याचा हिशेब घरी बसून करता येतो. समजा, पाणलोट (जिथले पाणी वाहून बंधाऱ्यात येते ते क्षेत्र) 40 हेक्टर म्हणजे सुमारे 100 एकर आहे आणि तासाला 100 मिलिमीटर पाऊस कोसळतोय. उतार आणि जमीन पाहता त्यातले 60 टक्के पाणी वाहून येईल असे धरले, तर सेकंदाला साधारण 6.7 घनमीटर पाणी बंधाऱ्यात येते. सांडव्यावरून 60 सेंटिमीटर जाडीचा थर वाहू द्यायचा असेल तर रुंदी साडेआठ मीटर लागते. त्यावर बांधाचा माथा आणखी किमान 90 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे सांडव्याच्या तळापासून दीड मीटर. हे अंदाजाचे गणित आहे, बांध मोठा असेल तर अभियंत्याकडून तपासून घ्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. या पट्ट्यात सांडव्याच्या बाबतीत कंजुषी परवडत नाही.

आता सर्रास होणारी चूक. पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर मातीने भरलेल्या पिशव्या फूटभर उंच रचतात. वर काढलेल्या सांडव्यात 60 ऐवजी 30 सेंटिमीटरच थर वाहू शकला, तर त्याची ताकद निम्मी होत नाही, जवळपास एक तृतीयांशावर येते. उरलेले पाणी माथा शोधते. पिशव्या लावायच्याच असतील तर पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर लावा. तसेच वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांसाठी सांडव्यात जाळे किंवा काटक्यांचा कूड लावू देऊ नका. पहिल्याच पुरात त्यात पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकते आणि सांडवा बंद होतो. मासे धरणाऱ्यांना सांडव्याखालची नाल्यातली जागा आधीच दाखवून ठेवली तर वादही होत नाहीत. सांडव्याचे पाणी बांधाच्या पायथ्याला न घासता लांबून नाल्यात उतरते ना, तेही चालत जाऊन पाहा.

सांडवा झाला की भेगा. बांधाच्या लांबीने गेलेली भेग उतार सरकू लागल्याची खूण असू शकते. आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग त्याहून धोक्याची, कारण ती पाण्याला तयार वाट देते. भेगेत चुना कालवलेले पांढरे पाणी ओता आणि मग चर खणा. मातीत पांढरी रेघ कुठवर उतरली ते स्पष्ट दिसते. रेघ संपली की आणखी 30 सेंटिमीटर खाली जा, चराच्या कडा तिरप्या करा, आणि 15 सेंटिमीटरच्या थरांनी भरत धुमसाने ठोका. मातीची ओल पाहायला मुठीत गोळा वळा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, पसरून चिकटला तर जास्त. जेसीबीच्या बकेटने वरून थापटलेली माती दबत नाही, पहिल्या सरीतच बसते. नवी माती जुन्या गुळगुळीत उतारावर नुसती ओतू नका. आधी पायऱ्या कापा, म्हणजे दोन्ही माती एकमेकींना धरतील.

बिळे खेकड्यांची, उंदरांची आणि रानालगत साळिंदराचीही असतात. तोंडावर दगड ठोकून बीळ बंद होत नाही, आत पोकळी तशीच राहते. शेवटापर्यंत खणा. खणणे शक्यच नसेल तर 9 घमेली मातीला 1 घमेले सिमेंट असा ओला गारा आत ठासत भरा. विष घालू नका, ते पाणी गुरे पितात, माणसेही पितात.

बांधावरच्या झाडांबाबत उलटा सल्ला द्यावा लागतो. अंगठ्याएवढी झुडपे मुळासकट उपटा, पण मोठे झाड आता मेअखेरीस तोडू नका. तोडलेल्या झाडाची मुळे कुजतात आणि बांधात नळ्या तयार होतात. यंदा फांद्या छाटून वाऱ्याचा भार कमी करा. झाड बुंध्यासकट काढून खड्डा ठोकून भरण्याचे काम डिसेंबर-जानेवारीत घ्या. गिरिपुष्प शेताच्या बांधाला उत्तम, पण बंधाऱ्यावर नको. तिथे हरळी किंवा वाळा लावा.

पाणी सोडायच्या पाइपाचा व्हॉल्व्ह आताच दोन-तीनदा पूर्ण उघडून बंद करा, तोंडावरचा गाळ काढा. मोटारीच्या पाइपासाठी माथा कापून चर खणू नका, पाइप माथ्यावरूनच न्या. गाळ काढताना बांधाच्या पायथ्यापासून किमान 10 मीटर लांब राहा. तळातला चिकण थर फोडला तर साठा जमिनीतच मुरतो.

पाऊस सुरू झाल्यावर दर आठवड्याला पायथ्याचा झिरपा एकाच जागी बादलीत मोजा. बादली भरायला लागलेले सेकंद आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी वहीत लिहा. स्वच्छ आणि स्थिर झिरपा चालतो. पातळी तेवढीच असून झिरपा वाढला किंवा गढूळ झाला, तर बांधाच्या पोटातली माती बाहेर येते आहे. तिथे चिखल किंवा प्लास्टिक कोंबू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी पसरा, म्हणजे पाणी जाईल आणि माती थांबेल. सोबत साठा उतरवायला लागा.

मुसळधारेचा इशारा आला तर व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच उघडा. एक हेक्टर पसरलेल्या साठ्याचे पाणी एक फूट उतरवायचे म्हणजे 30 लाख लिटर. सहा इंची पाइपातून त्याला बारा-तेरा तास लागतात. एरवी दिवसाला फुटापेक्षा जास्त उतरवू नका, ओला उतार घसरतो. गढूळ झिरपा किंवा खचलेला माथा दिसला तर मात्र ही मर्यादा पाळत बसू नका.

रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, लोक घरात असताना. म्हणून बांधाखालच्या प्रत्येक घराचा फोन नंबर पावसाआधी वहीत हवा. रविवारी येणाऱ्यांनी तो गावातल्या एका जबाबदार माणसाकडेही द्यावा, आणि मुसळधारेच्या रात्री बांधावर कोण जाणार हे आधी ठरवावे. तिथे एकट्याने जाऊ नये, सोबत बॅटरी आणि काठी ठेवावी, माथ्यावरून पाणी जात असेल तर बांधावर पाऊल टाकू नये. आधी खालची घरे रिकामी करा आणि मग 112 ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 ला कळवा, मुंबई हद्दीत 1916 ला.