गाडीचा रेडिएटर फॅन केव्हा फिरतो आणि तो कसा तपासावा

मे महिन्याच्या दुपारी रेल्वे फाटकावर गाडी उभी असली की बोनेटखालून एकाएकी घरघर सुरू होते, मिनिटभराने थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. पुष्कळ जण या आवाजाने दचकतात. वास्तविक काळजी करायची ती हा आवाज येत नसेल तेव्हा.

इंजिनातली उष्णता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, उचलते आणि रेडिएटरमध्ये आणून सोडते, पण रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून हवा खेळली तरच ती बाहेर पडते. गाडी चांगल्या वेगात असताना समोरून येणारी हवाच पुरते, म्हणून एसी बंद ठेवून समृद्धी महामार्गावर निघालात तर फॅन बहुतेक वेळ गप्प असतो आणि त्यात काहीही बिघाड नसतो. फॅनची गरज पडते ती हवा आपणहून येत नाही अशा ठिकाणी: आठवडी बाजाराच्या गर्दीत, जिनिंगसमोरच्या रांगेत, पांदण रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, किंवा भरल्या गाडीने चिखलदऱ्याचा घाट चढताना.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद असतो आणि कूलंट इंजिनातच फिरते. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडू लागतो. कूलंट 95 ते 100 अंशांच्या घरात पोहोचले की सेन्सरवरून ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळते, ईसीयू रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढतो आणि फॅनच्या मोटरला बॅटरीचा करंट मिळतो. तापमान काही अंशांनी उतरले की फॅन थांबतो. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. एसी लावला की इंजिन गरम नसतानाही फॅन सुरू होतो, कारण रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरलाही, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीलाही, हवा लागते. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो थोडा वेळ फिरतो किंवा अचानक सुरू होतो, तेव्हा बंद गाडीतही पात्यांजवळ हात नेऊ नये. जुन्या डिझेल जीपगाड्यांचा फॅन मात्र इंजिनच्याच जोरावर, बहुधा व्हिस्कस कपलिंगमधून (घट्ट तेलावर चालणाऱ्या जोडणीतून) फिरतो. पुढचे तपासणीचे वर्णन त्यांना लागू नाही.

आपल्याकडे या फॅनवर जास्त ताण का येतो, ते साध्या हिशेबाने कळते. कूलंट 95 अंशांवर असताना बाहेर 28 अंश असले तर दोहोंत 67 अंशांचे अंतर असते. उन्हाळ्यात बाहेर 45 झाले की ते 50 वर येते, म्हणजे तेवढ्याच हवेतून सुमारे चतुर्थांश उष्णता कमी बाहेर पडते. हिवाळ्यात निभावून गेलेला अर्धवट फॅन एप्रिलमध्ये उघडा पडतो तो यामुळेच.

तपासण्यासाठी गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून एसी लावावा. थोड्याच वेळात फॅन फिरला तर मोटर ठीक आहे. मग एसी बंद करून डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा मध्यावरून वर सरकू लागला तरी फॅन लागत नसेल, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यावा. एसीवरही फिरत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिले आणि मोटरचे कनेक्टर पाहावे. उंदरांनी कुरतडलेली वायर गावाकडे काही विरळा नाही. सेन्सर वगळून फॅन डायरेक्ट करण्याचा आणि डॅशबोर्डवर बटण देण्याचा उपाय मला पसंत नाही, कारण बटण दाबायचे राहून गेले की इंजिन तापून पुढचा खर्च हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलपर्यंत) जातो.

वाटेत काटा लाल खुणेकडे गेलाच, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण जोरात सुरू करावेत आणि गाडी सावलीत घ्यावी. फॅन फिरत असेल आणि कूलंट गळत नसेल तर इंजिन थोडा वेळ चालू राहू द्यावे, एरवी लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण तासभर तरी उघडू नये, कारण आतले कूलंट दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळत अंगावर येते. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नये.

फॅन जोरात फिरूनही काटा चढण्याचा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे. दोन फॅन रिले बदलून झाल्यावर कोणीतरी कंडेन्सर सैल करून पुढे ओढला, तेव्हा त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे कापसाच्या रुईचा आणि सोयाबीनच्या कुटाराचा, गोधडीच्या अस्तरासारखा घट्ट थर निघाला. हंगाम संपला की ही फट बॅटरीच्या उजेडात पाहावी आणि इंजिनच्या बाजूने बाहेर, मंद धारेने धुवावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते. कूलंटच्या टाकीत बोअरचे पाणी घालू नये, खारपाणपट्ट्यात (जिथले भूजल खारट असते त्या भागात) तर मुळीच नाही, कारण त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आतून साचतात आणि ते फॅनला उडवता येत नाहीत. त्यासाठी डिस्टिल्ड पाण्याचा एक डबा डिकीत असू द्यावा.