ओआरआरचा वक्र बिघडला? डोपिंगला बोल लावण्याआधी या चुका टाळा

नायट्रोजन डोप केलेल्या (रचनेत थोडा नायट्रोजन मिसळलेल्या) कार्बनवर प्लॅटिनम बसवलं, फिरत्या डिस्कवर ऑक्सिजन रिडक्शनचा (ओआरआर, म्हणजे इंधन-घटात ऑक्सिजनचं पाणी करणारी अभिक्रिया) व्होल्टेज-प्रवाह वक्र काढला आणि तो बाजारातल्या साध्या प्लॅटिनम-कार्बनच्याही मागे पडला, की पहिला राग डोपिंगवर निघतो. माझाही निघाला होता. चोर मात्र बहुतेक वेळा मोजणीच्या सेलमध्येच, म्हणजे आम्ल आणि इलेक्ट्रोड असलेल्या भांड्यातच, सापडतो.

माझ्या मते सगळ्यात आधी संशय घ्यावा तो क्लोराइडचा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) सरळ परक्लोरिक आम्लात बुडवला, की त्याच्या टोकातून क्लोराइड झिरपतो, प्लॅटिनमला चिकटतो आणि ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. दशलक्षात काही भागही पुरतात. काचेची भांडी नळाच्या पाण्याने विसळून तशीच वापरणं, एप्रिल-मेच्या उकाड्यात घामेजल्या बोटांनी डिस्क धरणं, हेही त्याच खात्यातलं. मी अशा सेलवर आठवडाभर ‘डोपिंगचा परिणाम’ मोजत बसले होते. रेफरन्स म्हणून हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरा, भांडी आम्लात भिजवून १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेच्या अतिशुद्ध पाण्यात पुन्हापुन्हा उकळा. आम्ल परक्लोरिकच घ्या. सल्फ्युरिकमध्ये बायसल्फेट प्लॅटिनमवर बसून क्रियाशीलतेचा आकडा खाली ओढतो.

दुसरी चूक खास आपल्या मुंबईची. जुलैत डिस्कवर टाकलेला इंकचा (द्रवात कालवलेल्या कॅटॅलिस्ट पावडरीचा) थेंब वाळता वाळत नाही. तोवर कॅटॅलिस्ट कडेला सरकतो आणि मधे उघडी डिस्क, भोवती काळं कडं, थेट चहाच्या कपाचा डाग! मिनिटाला १६०० फेऱ्यांवर, ०.१ मोलर परक्लोरिक आम्लात, २५ अंशांना मर्यादा-प्रवाह (ऑक्सिजन पोहोचण्याच्या वेगाने ठरणारा कमाल प्रवाह) दर चौरस सेंटिमीटरला ५.७ ते ६ मिलीअँपिअरच्या आसपास यायला हवा. बराच कमी आला तर गणितात शिरू नका, भिंग घेऊन फिल्म बघा. डिस्क उलटी धरून काही शे फेऱ्यांवर हळू फिरवत वाळवली की थर सारखा बसतो. एसी बंद असेल तर आम्लाचं तापमानही लिहून ठेवा, ३१ अंशांचा आकडा २५च्या आकड्याशी जुळवू नका.

इंक करताना कोरड्या पावडरीवर आधी पाणी, मग आयसोप्रोपेनॉल. क्रम चुकला तर प्लॅटिनम हवेच्या साथीने अल्कोहोल पेटवतं. हे मी थट्टेने सांगत नाही.

प्लॅटिनमचं पृष्ठफळ मोजण्यातली चूक जरा आडवळणाची आहे. डोप केलेल्या कार्बनची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त असते, त्यामुळे आलेखातल्या, प्लॅटिनमवर बसणाऱ्या-उठणाऱ्या हायड्रोजनच्या शिखरांखालची पायारेषा फसवी होते. शिखरांखालचा विद्युतभार २१० मायक्रोकूलोंब प्रति चौरस सेंटिमीटरने भागून आलेलं उत्तर कार्बन मोनॉक्साइड स्ट्रिपिंगशी, म्हणजे प्लॅटिनमवर बसवलेला हा वायू जाळून काढून केलेल्या मोजणीशी (तिथे भागायचं ४२०ने), ताडून बघा. नायट्रोजन वायूतली पार्श्वभूमी आणि द्रावणाचा रोध वजा करायचा राहिला असेल, तर ०.९ व्होल्टवरच्या प्रवाहांची तुलना करूच नका.

एवढं करूनही वक्र मागेच राहिला, तर मग नायट्रोजनकडे वळा. नुसती टक्केवारी पुरत नाही. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी अणूंचे बंध ओळखणारी चाचणी) ३९८.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा पिरिडिनिक (कार्बन-थराच्या कडेचा) आणि ४०१च्या आसपासचा ग्राफिटिक (थराच्या आतला) नायट्रोजन वेगळे काढा. नायट्रोजन अती झाला असेल, तर कार्बनची वीजवाहकताच घटलेली सापडेल.