‘ताई, फक्त एक्सपोर्ट करून द्या’: आंतरराष्ट्रीय माहितीपट करताना या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की नौपाड्यातल्या माझ्या एडिट रूमच्या अरुंद जिन्यावर मास मीडियाची मुलं पेन ड्राइव्ह घेऊन रांग लावतात: ताई, फक्त एक्सपोर्ट करून, म्हणजे शेवटची फाइल काढून द्या. विषय ठरलेले: युक्रेन, गाझा, तालिबान, लाल समुद्र. प्रत्येकाला ‘२० डेज इन मारिउपोल’सारखं काहीतरी हवं असतं, तेही शुक्रवारपर्यंत. म्स्तिस्लाव चेर्नोव हा एपी वृत्तसंस्थेचा व्हिडिओ पत्रकार २०२२ मध्ये रशियाचा वेढा पडलेल्या त्या युक्रेनी शहरात जीव मुठीत धरून शूट करत राहिला, तेव्हा कुठे २०२४ चं ऑस्कर आलं. आमची मुलं यूट्यूबवरची क्लिप शेवटपर्यंत बघत नाहीत.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक तीच. फुटेज कुणी काढलं, कधीचं, कुठलं, काही न विचारता थेट टाइमलाइनवर. गेल्या वर्षी एकाने २००३ च्या बगदादचा सिक्वेन्स आणला. धूर, पळापळ, वर गंभीर व्हॉइसओव्हर. मी फ्रेम थांबवली. डाव्या कोपऱ्यात एक माणूस सपाट, काचेचा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. २००३ मध्ये! मुलगा म्हणतो, “ताई, एवढं कोण बघतंय?” अरे, मी बघितलं ना.

मोठ्यांचीही अशी फजिती झाली आहे. ब्रिटनच्या आयटीव्हीने २०११ मध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी आणि आयआरए ही आयर्लंडमधली सशस्त्र संघटना यांच्यावर माहितीपट दाखवला. त्यात आयआरएने १९८८ मध्ये केलेलं चित्रण म्हणून जे दाखवलं, ते ‘आर्मा २’ या व्हिडिओ गेममधलं निघालं. तो गेम खेळणाऱ्यांनी लगेच ओळखलं, आणि ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेने वाहिनीला दोषी ठरवलं. उलट बाजूला थेम्स टेलिव्हिजनची १९७३ ची ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ बघा. दुसऱ्या महायुद्धावरची मालिका, सव्वीस भाग, आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार, आणि निर्मितीच्या टीममध्ये जेरोम क्यूल नावाचा एक हट्टी माणूस. निवेदनात ज्या लढाईचं नाव आहे, चित्र त्याच लढाईचं हवं, यावर तो अडून बसायचा. असा माणूस टीममध्ये असला की सगळे वैतागतात. माझ्याकडे येणाऱ्या टीममध्ये तो नसतो, म्हणून ते काम मी करते.

माझा उपाय म्हणजे लाल पुठ्ठ्याची वही. प्रत्येक क्लिपला एक ओळ: कुणी काढली, तारीख, कुठून मिळाली, परवानगी कुणाची. ओळ रिकामी राहिली तर क्लिप बाहेर. ब्रिटिश पाथे या जुन्या बातमीपटांच्या संग्रहाने २०१४ मध्ये आपला ८५,००० फिल्म्सचा साठा यूट्यूबवर टाकला, तेव्हापासून मुलांना वाटतं सगळं फुकट झालं. बघायला फुकट आहे, बाळांनो, वापरायला नाही.

दुसरी चूक भाषांतराची, आणि ही मला जास्त लागते. नवी मुंबईत शिकणाऱ्या एका अफगाण मुलावर दोन मुलींनी चांगली फिल्म केली होती. तो वसतिगृहातल्या पलंगावर बसून काबूलला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतोय. घरी काही समारंभ होता, मागे भांड्यांचे आवाज. आई दरी या अफगाण भाषेत काहीतरी म्हणते आणि सबटायटल येतं: ‘तुझी जागा रिकामी आहे.’ त्यावर मुलींनी व्हॉइसओव्हर रचला होता की तालिबान आल्यापासून त्या घरातली माणसं पांगली, खोल्या ओस पडल्या. खाली सारंगी. मलाही गलबलून आलं, खोटं का बोलू.

कॉलेजात स्क्रीनिंग झालं तेव्हा तो मुलगा पहिल्या रांगेत होता. तो हसायलाच लागला. फारसीत आणि दरीत ‘जागा रिकामी होती’ म्हणजे ‘तू हवा होतास’, आपण म्हणतो ना ‘तुझी फार उणीव भासली’, तसं. तो म्हणाला, “आमच्या घरात अकरा माणसं आहेत. रिकामी खोली मिळाली असती तर मी इथे कशाला आलो असतो?” मुलींनी ॲपमधून आधी इंग्रजी केलं होतं आणि इंग्रजीवरून मराठी. पुढचं सगळं दुःख त्या एका ओळीवर उभं होतं.

बीबीसीच्या १९९५ च्या ‘द डेथ ऑफ युगोस्लाव्हिया’ला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. त्या मालिकेत सर्बियाच्या मिलोशेविचपासून बोस्नियातल्या सर्बांच्या कराजिचपर्यंत सगळे नेते स्वतः बोलले आहेत, आणि ती पुढे हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयात पुरावा म्हणून आली. तिथे काही वाक्यांच्या भाषांतरावर बोट ठेवलं गेलं. अशा वेळी कामाला येतात त्या मूळ मुलाखतींच्या पूर्ण लेखी प्रती. या मालिकेच्या प्रती लंडनच्या किंग्ज कॉलेजने जपल्या आहेत. म्हणून मी बाइट, म्हणजे मुलाखतीतला वापरायचा तुकडा, कापण्याआधी पूर्ण मुलाखत कागदावर मागते, मूळ भाषेत. मग ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाला मराठी सबटायटल दाखवून विचारायचं, हे तुझ्या भाषेत परत कसं म्हणशील? अर्धा तास लागतो. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना मी चहा देते आणि परत पाठवते.

बाकीचं भराभर. सुरुवातीला फिरणारा पृथ्वीचा गोल नको. नेटवरून उतरवलेला नकाशा तर मुळीच नको. भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणे नसेल तर १९६१ च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकी फुटेज बहुधा सेकंदाला २९.९७ फ्रेमचं, आपली टाइमलाइन २५ ची. तसंच टाकलंत की कॅमेरा पॅन होताना चित्र ठेचकाळतं, आधी नीट कन्व्हर्ट करा. स्क्रीनिंगच्या पोस्टरवर ‘ऑस्करविजेती फॉर समा’ लिहू नका. सीरियाची दिग्दर्शिका वाद अल-कातेब हिच्या त्या फिल्मला बाफ्टा मिळाला, आंतरराष्ट्रीय एमी मिळाली, ऑस्करचं फक्त नामांकन होतं. नामांकन म्हणजे विजय नव्हे, हे निवडणुकीचा फॉर्म भरणाऱ्यालाही कळतं.

आणि ज्याच्या दारात गोष्ट उभी आहे त्याने ती नेटवर शोधू नये. लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर केलेल्या हल्ल्यांवर फिल्म करणारा एक मुलगा आला. जहाजांचे सगळे शॉट उतरवलेले, आवाज मशीनचा. मी विचारलं, राहतोस कुठे? सानपाडा. घरात कुणी जहाजावर? “मामा आहे. सुट्टीवर आलाय. पण तो काय सांगणार?”

मामाने पाऊण तास सांगितलं. रात्री डेकवरचे दिवे बंद, केबिनच्या खिडक्यांना पुठ्ठे, आणि पुढच्या खेपेला सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा, म्हणजे दहा-बारा दिवस जास्त. असलं बोलणं उतरवलेल्या क्लिपमध्ये मिळत नाही. फक्त पठ्ठ्याने शूट केलं ते डोक्यावर पंखा चालू ठेवून. “ताई, घरघर काढून द्या ना.” काढली, तर मामा बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटायला लागला. मामाची सुट्टी संपायला चार दिवस होते. पोराला परत सानपाड्याला पाठवलं, पंखा बंद करायला आणि घाम पुसायला टॉवेल न्यायला सांगून.