गाडी गॅरेजात येण्याआधी शिका

टू-व्हीलरच्या लाइनीत नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. मी दहावीनंतर कऱ्हाडजवळच्या एका गॅरेजात पाने पुसण्यापासून सुरुवात केली. आमचे वस्ताद नुसत्या आवाजावरून सांगायचे, इंजिनातलं टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन. प्लग काढून रंग बघायचा. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर जमलं. मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. सात-आठ वर्षांत हे सगळं हातात बसलं, स्वतःचं गॅरेज टाकलं. त्या वेळी मनापासून वाटायचं, शिकायचं ते शिकून झालं.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराबद्दलचा सरकारी नियम, लागू झाला. नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. किती पेट्रोल सोडायचं हे आता सेन्सरचं ऐकून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो, स्क्रू फिरवायला जागाच नाही. हा नियम काही रातोरात आला नव्हता. बीएस-5 गाळून थेट बीएस-6 वर जायचं, हे सरकारनं 2016 मध्येच जाहीर केलं होतं. चार वर्षं हातात होती आणि मी त्यातला एक दिवसही वापरला नाही. ही चूक माझी, आणि तुम्ही ती करू नये म्हणून पुढचं सांगतो.

एका दूधवाल्याची गाडी आली. सकाळी सेल्फ घेत नव्हती, मध्येच मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. मी प्लग बदलला. दोन दिवसांनी गाडी परत. बॅटरी बदलली, तरी परत. मग टाकीतला पंप बदलला. चौथ्यांदा तो आला तेव्हा काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "दादा, माझं पहाटेचं रतीब बुडतंय." ते वाक्य मला फार लागलं.

आमच्या लाइनीत वायरिंग करणारे एक काका आहेत. गाडी ढकलत त्यांच्याकडे नेली. त्यांनी मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसवर धरली, लाल तार इंजिनच्या बॉडीवर, आणि मला सेल्फ मारायला लावला. मीटरवर 1.4 व्होल्ट आले. तिथं जवळपास शून्य दिसायला हवं होतं. अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीची मायनस वायर बॉडीला जोडणारा बोल्ट खोलला तर खाली हिरवट गंज, रोजच्या धुण्याचं पाणी तिथं साचलेलं. पॉलिश पेपरनं घासून बोल्ट आवळला, दिवा गेला. एक रुपयाचाही पार्ट लागला नाही. दूधवाल्याला पंपाचे पैसे मी परत दिले.

त्यानंतर सहा महिने दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांच्या शेजारी बसलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी एक सवय मोडली. करंट आहे का बघायला आम्ही वायर बॉडीला टेकवून ठिणगी पाडायचो. जुन्या गाडीत ते खपून जायचं, ईसीयूच्या गाडीत त्या एका ठिणगीनं महागाचा डबा जळू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणंही तसंच.

म्हणून नव्या पोरांना सांगणं आहे की पहिल्या पगारातून पान्यांच्या सेटच्या आधी बरा मल्टिमीटर घ्या. वायरिंगचा नकाशा वाचायला शिका, कुठली वायर कुठल्या कपलरमधून, म्हणजे जोडातून, जाते ते बोटानं माग काढत. स्कॅनरनं कोड दाखवला म्हणून लगेच तो सेन्सर बदलू नका. कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. सेन्सर चांगला असून त्याची वायर उंदरानं कुरतडलेली मी कितीदा पाहिलीय. आधी मोजा, मग खोला. आणि मोजलेला आकडा वहीत लिहा, गाडीचं मॉडेल आणि तारखेसकट. माझ्या तीन वह्या भरल्यात, अडलं की आधी त्याच उघडतो.

जमत असेल तर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स जरूर करा. माझ्यासारखं हातानं शिकला असाल तर कौशल्य विकास योजनेत आरपीएल म्हणून सोय आहे. त्यात आधीचं काम तपासून प्रमाणपत्र देतात. पण वस्तादांचा कान सोडू नका. टॅपेटचा आवाज सांगणारा सेन्सर अजून माझ्या गॅरेजात आलेला नाही.

नियम मात्र वाचत राहा. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सोय, 2019 मध्ये सक्तीचं झालं, तेही आधी जाहीर करूनच. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात बंद पडलेल्या गाडीची टाकी मी आता आधी तपासतो.

आमचं गॅरेज सोमवारी बंद असतं. सकाळी नऊ ते अकरा मी आणि माझ्याकडची दोन पोरं इलेक्ट्रिक स्कूटर शिकतो. एका ओळखीच्यांनी जुनी स्कूटर दिलीय. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची, रबरी हातमोजे घालायचे आणि बॅटरीचं मेन कनेक्शन आधी सुटं करायचं, इथपर्यंत आलोय. पुढच्या सोमवारी मोटर चालवणारा कंट्रोलर खोलणार आहोत.