टीम जुळते ती शिफ्ट बदलताना

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी शिफ्ट सांभाळते. पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात; आम्ही ती मशिनिंग करून, म्हणजे मशीनवर कापून मापात आणून देतो. नव्यानं सुपरवायझर झालेली पोरं विचारतात, "मॅडम, माणसं एकत्र बांधायची कशी?" मी सांगते, आधी शिफ्ट बदलतानाची पंधरा मिनिटं नीट सांभाळा.

जाणारा आणि येणारा ऑपरेटर मशीनपाशीच समोरासमोर उभे राहिले पाहिजेत. गेटवर गाडीला किक मारता मारता सांगितलेलं मी धरत नाही. रजिस्टरमध्ये नुसतं "मशीन ओके" असेल तर सही करत नाही. जॉब कुठं थांबलाय, ड्रॉइंगची रिव्हिजन कुठली, काय बदललं आणि का, एवढं आलंच पाहिजे. म्हणजे असं: "बोअर खालच्या लिमिटकडं सरकत होता. इन्सर्ट नवीन टाकलाय, ऑफसेट मूळ जागी आणलाय. पहिले पाच नग बोअर गेजनं बघ." (बोअर म्हणजे नगातलं भोक, इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, ऑफसेट म्हणजे मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती, बोअर गेज म्हणजे भोक मोजायचं साधन.) एवढं लिहिलं की रात्रपाळीचा माणूस चाचपडत नाही आणि सकाळी रिजेक्शनच्या ढिगापुढं दोघांची जुंपत नाही.

काम सांगून झाल्यावर "कळलं का?" विचारू नका. सगळेच मान डोलावतात. त्यापेक्षा "आता पहिलं काय करणार?" असं विचारा. उत्तर चुकलं तर तिथल्या तिथं, शांतपणे परत सांगा. जुन्या माणसाला मात्र पोरासोरांसमोर असं विचारलं तर तो दुखावतो, आणि ते बरोबरही नाही. आमच्या फिटरमामांना मी म्हणते, "मामा, ह्याला जरा सांगा, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) बसवल्यावर आधी काय बघायचं." मामा सांगतात, "आधी डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती हलतंय ते, बघायचा, मग जॉब टाकायचा." मामांच्या डोक्यात काय आहे ते मला कळतं, पोरगं शिकतं आणि मामांचा मानही राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नग बिघडला हे सांगायला जो स्वतःहून येईल, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. आधी विचारा, "किती झाले?" मग मागचे नग लाल ट्रेमध्ये वेगळे काढायला लावा, मग कारण शोधा. कुणाचा हात चुकला हे शेवटी, आणि तेही बाजूला घेऊन. एकदा चारचौघांत झापलं की पुढचा माणूस बिघडलेला नग गुपचूप चांगल्या लॉटमध्ये सरकवतो आणि तो थेट गिऱ्हाईकाकडं निघतो. हे मी ठासून सांगते, कारण भीतीनं चालणाऱ्या शॉपमध्ये सुपरवायझरला सगळ्यात शेवटी कळतं.

मालक फिरता फिरता परस्पर ऑपरेटरला "हा जॉब आधी घे" म्हणत असतील, तर त्यांना केबिनमध्ये जाऊन नीट सांगा की बदल सुपरवायझरमार्फतच यावा. बहुतेक मालक ऐकतात. बदल व्हॉट्सॲपवर टाकला तरी मशीनपाशी जाऊन सांगायचाच. चालू मशीनवर फोन कोण बघतो?

आणि आपल्या सांगलीत एक तयारी जादा लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 मध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. सांगलीवाडी, हरिपूर, कर्नाळ रोड अशा नदीकाठच्या भागातून कोण येतं, याची यादी पाऊस सुरू व्हायच्या आधी करा. पाणी 40 फुटांकडं चढायला लागलं की त्यांना आधी घरी सोडायचं, सामान हलवायला वेळ मिळतो. त्यांचं मशीन कोण बघणार, ते जूनमध्येच त्या दोघांना समोर बसवून ठरवा. यादीत प्रत्येकाच्या नंबरसोबत शेजाऱ्याचा किंवा पाहुण्याचा एक नंबर घ्या, कारण लाइट गेली की फोनही बंद पडतात. कागद टाइम ऑफिसच्या काचेवर लावा आणि एक प्रत वॉचमनकडं द्या.